अभिवेदन, परिशिष्टांसह

आमच्या कार्यालयात ‘गोपनीय’ असा एक रबरी शिक्का होता, जांभळ्या शाईचा. बडे बाबूंच्या टेबलावर तो पडलेला असे. त्याचा खरा उपयोग एवढाच होता, की ढिगातला कोणता कागद आधी वाचायचा हे सगळ्यांना लांबूनच कळायचं. साधी पत्रं आठ-आठ दिवस कुणी उघडत नसे. त्या शिक्क्याचा लिफाफा मात्र आवक शाखेतून साहेबांच्या केबिनपर्यंत पोचायच्या आत त्यातला मजकूर समोरच्या पानठेल्यावर पोचलेला असायचा. साहेबांना पुष्कळदा तो तिथूनच कळे.

हे कार्यालय विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे. नाव सांगत नाही. माझ्याबद्दलची तेवढी एकच माहिती आता खासगी उरली आहे. बाकीची पृष्ठ क्रमांक घालून, साक्षांकित करून, अनेक प्रतींत सर्वत्र उपलब्ध आहे.

या सगळ्याच्या मुळाशी सी.आर. आहे. सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल. सरकारनं त्याचं नाव बदलून कार्यमूल्यमापन अहवाल केलं, तरी कर्मचारी अजून सी.आर.च म्हणतो, कारण नाव बदलल्यानं धडधड कमी होत नाही. मार्च संपला की वरिष्ठ तुमच्याबद्दल चार ओळी लिहितात, त्यांचे वरिष्ठ त्यावर मान डोलावतात, आणि तुम्हाला प्रतवारी मिळते. ‘ब’ म्हणजे चांगला आणि ‘ब+’ म्हणजे निश्चित चांगला. बढती निश्चित चांगल्यांना मिळते. नुसत्या चांगल्यांनी टपाल सांभाळायचं.

पूर्वी वाईट शेरा असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवत. बाकीचे कपाटात. त्यामुळे आमच्या पिढीतला प्रत्येक जण आपण अत्युत्कृष्ट आहोत अशा समजुतीत सुखानं जगत होता. हे सुख संपवलं देव दत्त यांच्या खटल्यानं. हे गृहस्थ सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला आणि बढतीला लागत होता ‘फार चांगला’. ‘चांगला’ हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कुणी कळवला नाही, आणि त्याच शेऱ्यानं त्यांची बढती अडली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शेरा बरा असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तेच पुन्हा ठासून सांगितलं. लोकशाहीच्या दृष्टीनं हा फार मोठा निकाल आहे. माझ्या झोपेच्या दृष्टीनंही.

कारण त्या निकालाच्या कृपेनं एके वर्षी माझ्या सी.आर.ची प्रत माझ्या हातात पडली. त्यात लिहिलं होतं : ‘कामात बरा. वारंवार रजेवर. बोलणे जास्त.’ प्रतवारी, ब.

मी घरी येऊन ती बायकोला दाखवली. तिनं चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाली, “अहो, बोलणं जास्त आहे हे त्यांच्या ध्यानात यायला एवढी वर्षं लागली?”

घरातून न्याय मिळणार नाही हे स्पष्ट झालं. त्यातच पदोन्नतीची यादी लागली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, माझ्यानंतर नोकरीला लागलेला, डब्यातली चटणीसुद्धा न बोलता देणारा सहकारी अधीक्षक होणार होता. त्याला ‘ब+’ मिळाला होता. दिवसभरात तो तीन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक “बरं” आणि एक “उद्या देतो” असं असायचं. मी त्याला इतकी वर्षं मुका समजून सांभाळून घेतलं होतं, आणि तो निश्चित चांगला निघाला.

पानठेल्यावर एक सेवानिवृत्त बाबू रोज संध्याकाळी कायद्याचा सल्ला फुकट देत. ते म्हणाले, “अभिवेदन टाका जी. पण पुराव्यानिशी टाका. पुरावा नसला का फाइल हलत नाही.”

अभिवेदन म्हणजे आपल्यावर अन्याय झाला असं अन्याय करणाऱ्यालाच आदरपूर्वक कळवणं. माझ्यासारख्या लेखणीच्या माणसाला हे आव्हानच होतं. मी रविवारी सकाळी बसलो. ‘वारंवार रजेवर’ हा आरोप खोडायचा तर प्रत्येक रजेचं कारण द्यायला हवं. कारण दिलं की पुरावा हवा. पुरावा म्हटलं की परिशिष्ट आलं.

परिशिष्ट ‘अ’, नियुक्ती आदेश. इथवर ठीक होतं. परिशिष्ट ‘आ’, मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेचे कागद : केस पेपर, औषधांच्या पावत्या आणि डॉक्टरांनी पेननं काढून दिलेली एक आकृती, बाणासकट. परिशिष्ट ‘इ’, सासऱ्यांचं पत्र, कारण एका रजेत मी रुसून माहेरी गेलेल्या बायकोला आणायला गेलो होतो आणि त्या पत्रात माझ्या स्वभावाचं सविस्तर वर्णन होतं. परिशिष्ट ‘ई’, पतसंस्थेची थकबाकीची नोटीस, मानसिक ताण सिद्ध करण्यासाठी. परिशिष्ट ‘उ’, मुलाची बारावीची गुणपत्रिका, त्याच कारणासाठी. परिशिष्ट ‘ऊ’, माझी जन्मपत्रिका, कारण त्या काळात साडेसाती चालू होती आणि वस्तुस्थिती दडवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. प्रत्येक परिशिष्टामागे आधार कार्डाची प्रत, पुढून आणि मागून. कशाला, ते विचारू नका. सरकारी अर्जाला आधार जोडायला कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप झेरॉक्सकडे जातो.

आता विषय. शासकीय पत्रात विषयाची ओळ म्हणजे पत्राचा प्राण, असं मी नव्या पोरांना नेहमी शिकवत असे. एका ओळीत सगळं यायला हवं. मी लिहिलं : ‘मूळव्याधीची शस्त्रक्रिया व कौटुंबिक कलह यांमुळे घेतलेल्या रजांचा गोपनीय अहवालातील प्रतवारीवर परिणाम न होणेबाबत.’ खाली ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ म्हणून विभागीय कार्यालय, मंत्रालय आणि कर्मचारी संघटनेचे अध्यक्ष. वर बडे बाबूंकडून ‘गोपनीय’ शिक्का मारून घेतला आणि निश्चिंत झालो.

आवक शाखेतल्या भाऊंनी लिफाफा फोडला. तो त्यांचा हक्कच होता, फोडल्याशिवाय नोंद कशी घेणार? आवक रजिस्टरला विषयाचा एक रकाना असतो. त्यात त्यांनी माझी ओळ सुवाच्य अक्षरात उतरवली. लिहिताना ती मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. तिथून कागद आस्थापना शाखेत गेला, तिथल्या रजिस्टरला पुन्हा विषय. टिपणी ठेवली गेली, त्यावर पुन्हा विषय. विभागीय कार्यालयानं ‘उपरोक्त विषयान्वये’ अहवाल मागवला. आमच्या कार्यालयानं ‘उपरोक्त विषयान्वये’ स्मरणपत्राला उत्तर दिलं. मधल्या काळात साहेबांनी टिपणीवर शेरा मारला, की सदर कर्मचाऱ्याच्या दुखण्याच्या सत्यतेबाबत जिल्हा शल्यचिकित्सकांचा अभिप्राय घ्यावा. आता माझं दुखणं दुसऱ्या खात्यात गेलं आणि तिथंही त्याची आवक झाली.

लोक वाईट नसतात. आस्थापनेतल्या मॅडमनी सुरणाची भाजी कशी करायची ते लिहून दिलं. लेखा शाखेनं इसबगोलाची पुडी पाठवली. ड्रायव्हर काकांनी एका बैठकीच्या वेळी माझ्या खुर्चीवर न बोलता एक मऊ उशी आणून ठेवली, मधोमध भोक असलेली, आणि बैठकीत जमलेल्या सगळ्या तालुक्यांच्या प्रतिनिधींनी ती पाहिली. पतसंस्थेच्या नोटिशीमुळे उसने मागणारे मात्र बंद झाले. परिशिष्ट ‘ऊ’ पाहून एकानं शनीची अंगठी सुचवली. सासऱ्यांच्या पत्रावर कुणी काही बोललं नाही, पण ते सगळ्यांनी वाचलं होतं, कारण माझ्याशी बोलताना प्रत्येक जण एकदम समजूतदार झाला होता.

अभिवेदनावर उत्तर मात्र येईना. तेव्हा मी दुसरं शस्त्र काढलं.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विहित नमुना, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत. दीडशे शब्दांत मी साधा नमस्कारही पुरा करत नाही, पण त्या दिवशी स्वतःला आवरलं. मागणी एकच : शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे मागील वर्षांचे गोपनीय अहवाल, रजेचा हिशेब आणि त्यांना दिलेल्या ज्ञापनांच्या प्रती मिळाव्यात. कारण सांगायची अर्जदाराला गरज नसते, असं त्याच कायद्याचं सहावं कलम म्हणतं. पहिल्यांदाच मी कारण सांगितलं नाही. ते सगळ्यांना माहीतच होतं.

या कायद्याचं अकरावं कलम त्रयस्थ माणसाबद्दल आहे. माहिती दुसऱ्या कुणाची असेल आणि ती देण्याचा विचार असेल, तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्या माणसाला नोटीस द्यायची आणि आपलं म्हणणं मांडायला त्याला दहा दिवस द्यायचे. आमच्या बाबतीत त्रयस्थाचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं. तो नोटीस घेऊन माझ्याकडेच आला.

“भाऊ, याचं उत्तर कसं लिहायचं असते? तुमचा अभ्यास आहे.”

एवढं मोठं वाक्य तो माझ्याशी प्रथमच बोलला होता. शिवाय, माझा अभ्यास आहे हे त्याला मान्य होतं. मी कागद ओढला आणि सांगायला सुरुवात केली : ‘सदर माहिती ही माझी वैयक्तिक माहिती असून तिच्या प्रकटीकरणाचा कोणत्याही सार्वजनिक कामकाजाशी वा हितसंबंधाशी संबंध नाही, आणि त्यामुळे माझ्या खासगी बाबींत अनाठायी हस्तक्षेप होईल.’ खाली कलम घातलं, ८(१)(ञ). वर एका निकालाचा हवालाही टाकला. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची ज्ञापनं, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा आणि मालमत्ता यांची माहिती मागितली होती. नागपूर खंडपीठातून ते प्रकरण दिल्लीला गेलं आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की नोकरीतली कामगिरी ही मुळात कर्मचारी आणि त्याचा मालक यांच्यातली बाब आहे. व्यापक जनहित दाखवता आलं नाही तर ती वैयक्तिक माहितीच. मसुदा फार उतरला होता. मी तो दोनदा वाचून दाखवला. शेजाऱ्यानं सही केली, “बरं” म्हणाला आणि जाऊन बसला.

माहिती अधिकाऱ्यांनी माझा अर्ज नाकारला. नाकारताना त्यांनी तो मसुदा शब्दशः उतरवला होता. स्वतःचं लेखन छापील स्वरूपात पाहून कुणालाही आनंद होतो, तसा तो झाला. मग मी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपिलात मी स्वतःच्याच युक्तिवादाचं खंडन केलं, पण तितका जोर आला नाही.

अपिलीय अधिकारी समतोल गृहस्थ होते. दहाव्या कलमाचा आधार घेऊन ते म्हणाले, की वैयक्तिक भाग वगळून उरलेली माहिती देता येते, सबब पदोन्नती समितीसमोर ठेवलेला गोषवारा अर्जदाराला द्यावा, इतरांबाबतचा मजकूर झाकून. दोन रुपये पान या दरानं मला कागद मिळाले. झाकण्याचं काम एका शिकाऊ पोराकडे दिलं होतं. त्यानं काळा मार्कर घेऊन मूळ कागदाच्या झेरॉक्सवर जाड रेघा मारल्या होत्या आणि तोच कागद मला दिला होता. त्याची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्यायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो खिडकीच्या काचेला लावला. विदर्भातला एप्रिलचा सूर्य आणि त्यापुढे मार्करची शाई. सगळं स्वच्छ दिसलं.

शेजाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘कामात बरा. वारंवार रजेवर. बोलणे कमी.’

मी काचेपाशी बराच वेळ उभा होतो. मागून आवकमधले भाऊ म्हणाले, “काय दिसून राह्यलं जी?” मी म्हटलं, “काही नाही.” माझ्याकडून इतकं छोटं उत्तर आल्यानं ते घाबरले आणि पाणी घेऊन आले.

आता माघार शक्य नव्हती. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून सरकारी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतं. मुख्य पीठ मुंबईला, खंडपीठं नागपूरला आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. सरकारी नोकर ‘मॅटमध्ये गेला’ असं म्हणतात तेव्हा ऐकणारा आवाज खाली आणतो. मी मॅटमध्ये गेलो. एसटीनं.

नागपूरच्या वकीलसाहेबांना मी खिडकीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “मग प्रतिज्ञापत्रात काय लिहू? अर्जदारानं कागद उन्हात धरून वाचला?” ते राहिलं. पण परिशिष्टं पाहून त्यांनी सगळी घेतली. मूळ अर्ज जाड असला की त्यांनाही बरं वाटत असावं, आणि फी सांगायला सोपं जात असावं. डॉक्टरांचं अक्षर न्यायाधिकरणाला लागणार नाही म्हणून ‘आ’ परिशिष्ट टाइप करून घ्यायचं ठरलं. टायपिंगच्या दुकानात मजकूर ताडून पाहताना एक जण मूळ कागद मोठ्यानं वाचतो आणि दुसरा पडद्यावर बघतो. दुकान कोर्टाच्या रस्त्यावर होतं, जेवणाची सुट्टी होती आणि समोर तर्रीपोह्याची गाडी लागलेली होती. माझी शस्त्रक्रिया टाक्यांसकट वाचली गेली. एका अनोळखी वकिलानं हातातली प्लेट खाली ठेवली.

मग प्रती. न्यायाधिकरणाला, सरकारी सादरकर्त्यांना, प्रत्येक प्रतिवादीला. प्रतिवादींत शेजारीही होता, कारण माझी बढती म्हणजे त्याच्या ज्येष्ठतेला धक्का. कायद्यानं त्याची पानंसुद्धा मला दाखवायला नकार दिला होता, आणि माझी सगळी मी त्याला पोचपावती घेऊन स्वतःच्या हातानं दिली. त्यानं चाळली, आकृतीपाशी थांबला, मग अगदी हळू विचारलं, “आता बरं आहे ना, भाऊ?” त्या दिवशीचं त्याचं एक वाक्य माझ्यावर खर्च झालं.

सुनावणी उघड्या दालनात होते. ज्यांची प्रकरणं त्यानंतर आहेत असे विदर्भातले तलाठी, शिक्षक, अभियंते, फौजदार बाकांवर बसून तुमचं ऐकत असतात. आमचे वकीलसाहेब उभे राहिले आणि एकेका परिशिष्टाचा पृष्ठ क्रमांक सांगू लागले. सदस्य महोदय पानं उलटत गेले. सासऱ्यांच्या पत्रावर त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या. जन्मपत्रिकेवर त्यांनी चष्मा काढला.

“या रजा मंजूर झाल्या होत्या का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सगळ्या?”

“सेवापुस्तकात नोंद आहे. प्रतिवादींनाही ते अमान्य नाही.”

“मग मंजूर रजेचं कारण इथं कोण विचारतंय? हे बाकीचं कशाला लावलं?”

दालनात शांतता पसरली. याचं उत्तर माझ्याजवळ होतं. वकिलांनी मागे हातानं खूण केली, की बसा. पण मी उभा राहिलो आणि पारदर्शकता, पुरावा, सरकारी कर्मचाऱ्याची प्रतिमा आणि साडेसाती या विषयांवर माझं म्हणणं सादर केलं. सदस्य महोदयांनी घड्याळाकडे पाहिलं तरी ते मला थांबवत नव्हते, ही त्यांची सभ्यता.

निकालाचं मुख्य म्हणणं थोडक्यात असं : रीतसर मंजूर केलेल्या रजेवरून कर्मचाऱ्याबाबत प्रतिकूल मत बनवता येणार नाही, सबब ‘वारंवार रजेवर’ हा शेरा वगळून प्रतवारीचा फेरविचार करावा. पुढे एक ओळ होती : ‘अर्जदाराने जातीने केलेले निवेदन ऐकले. ‘बोलणे जास्त’ या शेऱ्यात हस्तक्षेप करण्याचे कारण दिसत नाही.’

फेरविचारात मी ‘ब+’ झालो. शेजाऱ्याच्या बढतीला धक्का न लावता मला मानीव दिनांक मिळाला. म्हणजे मी काही वर्षांपूर्वीच अधीक्षक झालो होतो असं सरकारनं मानलं आणि पगार मात्र आजपासून. मी पेढे वाटले. आवकमधल्या भाऊंनी पेढा घेताना विचारलं, “तुमाले गोड चालते ना?”

पण निकाल संकेतस्थळावर टाकतात, हे माझ्या लक्षात नव्हतं. न्यायदान उघड असावं म्हणून ते टाकतात आणि ते योग्यच आहे. फक्त प्रकरणाची हकिकत सांगताना त्यात अर्जदाराचं दुखणंही सांगावं लागतं, आणि अर्जदारानं ते अ ते ऊ सांगितलेलं असतं. तेव्हा मुलीचं लग्न ठरवायचं चाललं होतं. मुलाकडचे अलीकडे पत्रिकेआधी इंटरनेट पाहतात. माझं नाव टाकलं की पहिलीच ओळ माझी होती. मुलाच्या काकांचा फोन आला. मी छातीवर हात ठेवून बसलो. ते म्हणाले, “पत्रिका पाठवू नका, मिळाली.”

मी वकीलसाहेबांना फोन केला. म्हटलं, २०१७ साली पुट्टास्वामींच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, माझं नाव झाका. लैंगिक छळाच्या तक्रारींत २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम तक्रारदाराची आणि साक्षीदाराची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं, मग माझ्याच बाबतीत का नाही? ते म्हणाले, “तुमच्या दुखण्यासाठी संसदेनं अजून कायदा केलेला नाही. आणि नाव झाकून द्या, कागद सीलबंद घ्या, असं अर्जासोबतच मागायचं असतं. तुम्ही तर सुनावणीत उभं राहून नाव स्पष्ट उच्चारलं.” लग्न मात्र ठरलं. मुलाच्या घरी तेच दुखणं होतं आणि त्यांना एका चांगल्या सर्जनचा पत्ता हवा होता. तो परिशिष्ट ‘आ’मध्ये होताच.

अधीक्षक झाल्यावर गोपनीय अहवालांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. जन माहिती अधिकारीही मीच. ८(१)(ञ) खाली मी लोकांना नकार देऊ लागलो, आणि मसुदा माझाच असल्यानं पाठ होता. आता तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं हे कलम आणखी आखूड केलंय. पूर्वी त्यात ‘व्यापक जनहित’ होतं, आणि विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही अशी पुस्ती होती. दोन्ही गेलं आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं. जनहिताचा मुद्दा मांडायचा तर ८(२) कडे जावं लागतं. पत्रकार आणि कार्यकर्ते यावर चिडले आहेत आणि त्यांचं चिडणं मला पटतं, कारण साहेबांची मालमत्ता विचारणाऱ्यालाही आता हेच कलम दाखवता येतं. बाहेरच्या माणसासाठी दाराला एवढी कुलपं लावली; आत मात्र विषयाच्या रकान्यात काय लिहावं याबद्दल एक ओळही कुठं नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधी एके दिवशी आस्थापनेतल्या एक मॅडम माझ्याकडे आल्या. त्यांच्याही सी.आर.मध्ये रजेचा शेरा होता. हातात फायलींचा गठ्ठा, त्यातून हॉस्पिटलच्या पाकिटांचे कोपरे डोकावत होते. त्या म्हणाल्या, “सर, तुमचा निकाल वाचला. मी पण सगळं जोडलंय.”

मी गठ्ठा उघडला नाही. म्हटलं, “रजा मंजूर आहेत?”

“आहेत.”

“मग मंजुरी आदेशांचे क्रमांक आणि दिनांक लिहा. विषयात फक्त ‘प्रतवारीबाबत अभिवेदन’. कारणाचा एक शब्दही नको. कुणी मागितलंच तर सीलबंद पाकिटात, वर ज्यांनी उघडायचं त्यांचं पदनाम, आणि आवकला सांगा की न फोडता नोंद घ्या. आधार कार्ड घरी ठेवा.”

“एवढ्यावर न्याय मिळतो, सर?”

मला खूप काही सांगायचं होतं. सी.आर.मध्ये माझ्याबद्दल जो शेरा कायम झाला आहे तो आठवला आणि मी फक्त “हो” म्हणालो.

त्यांचं एका पानाचं अभिवेदन गेलं आणि पहिल्याच फेरीत मान्य झालं. कार्यालयात खळबळ माजली. एका पानाचं अभिवेदन? परिशिष्ट नाही? नक्कीच काहीतरी भयंकर लपवलंय. लेखा शाखेचं मत पडलं, की प्रकरण कोर्टकचेरीचं आहे. ड्रायव्हर काकांना ऑपरेशनचा संशय होता. एकानं तर दुसऱ्या जिल्ह्यात घर घेतल्याचं कळवलं. शेवटी आवकमधले भाऊ चहा घेऊन माझ्या केबिनमध्ये आले, दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसले.

“साहेब, तुमाले तर माहीत असंन. मॅडमले नेमकं काय झालं होतं?”

मी सरळ बसलो आणि म्हणालो, “कलम आठ, एक, ञ.”

भाऊंनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा कणवेनं भरून आला.

“हाओ,” ते म्हणाले, “म्हंजे मूळव्याधच.”